बॅगेत जागा आहे का?

सोलापूरच्या माणसाला पार्सल नाकारता येत नाही. पुण्याला निघालोय हे बोळात नुसतं कळायची खोटी, रात्री आठच्या आत दारात तीन पिशव्या येतात. एकीत शेंगाची चटणी, दुसरीत कडक भाकरीची चवड, आणि तिसरीत काय आहे ते विचारायचं नसतं. हुतात्मा एक्स्प्रेसच्या रॅकवर निम्मं सामान दुसऱ्यांचंच असतं. पुणे स्टेशनावर कुणाचा तरी भाचा येतो, "दादा, आत्यानं दिलंय न्हवं?" म्हणतो आणि पिशवी उचलून चालायला लागतो. चहाला चला असंही म्हणत नाही. आपल्यालाही त्याचं काही वाटत नाही.

हे आधी सांगितलं, कारण बँकॉकच्या विमानतळावर आयुष्यात पहिल्यांदा मी एका गाववाल्याला नाही म्हणालो, आणि माझी आई मुंबईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आम्ही गेलो 2025 च्या सप्टेंबरात. गणपती उठले होते, पितृपक्ष लागला होता, त्यामुळं टूर स्वस्तात मिळाली. आईला पितृपक्षात घर सोडणं पटलं नव्हतं, पण विमानात बसायची हौस पितरांपेक्षा मोठी निघाली. मी, बायको, आई आणि माझा मित्र सहकुटुंब. त्याचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि जगात कुठंही गेला तरी तो हॉटेलचा टॉवेल आधी वजन करून बघतो. पट्टायाचे दोन दिवस गर्दीत आणि घामात गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की समुद्रातल्या बेटावर बोटीतून उतरताना आईची चप्पल वाहून गेली.

बँकॉकला पहिल्या संध्याकाळी हॉटेलजवळच्या गल्लीत फिरत होतो. पावसाची भुरभुर होती. आई एकदम थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "हा मठातला वास आहे रे." तिच्या माहेरी, गावाबाहेरच्या मठात एक बैरागी येऊन उतरायचा म्हणे. त्याच्या चिलमीचा वास साठ वर्षांनी तिनं बरोबर ओळखला. समोर दुकान होतं, हिरव्या दिव्याचं, काचेवर गांजाचं हे एवढं मोठं पान. आत बरण्या मांडलेल्या, आपल्याकडं आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात असतात तशा. बायको गोळ्या-बिस्किटांच्या रंगीत पाकिटांकडं बघत म्हणाली, "पोरांना न्यावं का?" टूर मॅनेजर मागून ओरडला, "ताई, ते ठेवा खाली! त्यात पण तेच असतं."

मग दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यानं माईक घेऊन सगळ्यांची शाळाच घेतली. 9 जून 2022 ला थायलंडनं गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, आशियात असं करणारा तो पहिला देश. मग गल्लोगल्ली दुकानं निघाली आणि जगभरची पोरं तिकडं लोटली. तीन वर्षांत सरकारलाच ते जड झालं. 2025 च्या जूनअखेरीस नवा नियम आला: गांजाचं फूल आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि चिठ्ठीवरही तीस दिवसांपुरतंच. दुकानं मात्र आहेत तिथंच आहेत, त्यामुळं नवख्याला वाटतं सगळं खुलं आहे. रस्त्यात ओढून लोकांना त्रास दिला तर 25,000 बाटपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत तुरुंग, नाहीतर दोन्ही. गांजा देशाबाहेर न्यायचा नाही, बाहेरून आणायचाही नाही. "आणि ती विजेवरची सिगारेट कुणी आणली असेल तर," मॅनेजर म्हणाला, "तिच्यावर इथं बंदी आहे." मागच्या सीटवरच्या एका पोरानं खिसा चाचपला.

मित्र माझ्या कानात म्हणाला, "का बे, आपल्याकडं महाशिवरात्रीला भांग चालते की." चालते, कारण आपल्या कायद्यात नुसतं पान आणि बी गांजात धरत नाहीत, गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. थायलंडचा नवा नियमही नेमका फुलावरच आहे. झाड एकच, आणि दोन्हीकडची सरकारं त्याच्या शेंड्यापाशी येऊन अडतात.

आता कबूल करतो. त्या रात्री आई आणि बायको दूध आणायला गेल्या तेव्हा मी एका दुकानात शिरलो. नुसतं बघायला. काउंटरवरच्या पोरीनं हसून पासपोर्ट मागितला आणि चिठ्ठी इथंच मिळेल असं खुणेनं सांगितलं. एका ग्रॅमचा भाव बघितला, मनातल्या मनात हिशोब केला तर आमच्याकडची चांगली डबल चादर आली. एका ग्रॅमला एक चादर! बाहेर पडलो. कायद्याच्या भीतीनं नाही, भावानं.

परतीचं विमान पहाटेचं. विमानतळावर चेक-इनची रांग मारुतीच्या शेपटीसारखी, एसी इतका की आईनं शाल नाही, सोलापुरी चादरच गुंडाळून घेतली होती. मित्र पुढून ओरडला, "का बे, पासपोर्ट कुणाकडं आहे?" आणि शेजारच्या रांगेतला एक पोरगा वळला. बावीस-तेवीसचा असेल. "सोलापूरचे का काका?" 'का बे' ऐकल्यावर कुणीही ओळखेल. म्हणाला, अक्कलकोटकडचा आहे. आईला वाकून नमस्कार केला. आईनं लगेच त्याला पिशवीतली कडक भाकरी मोडून दिली, त्यानं उभ्या उभ्या खाल्ली. खरंच भुकेला दिसत होता.

मग म्हणाला, "काका, तुमच्या बॅगेत जागा आहे का? माझं वजन जास्त भरालंय, काउंटरवर पैसे मागालेत. दोनच किलो आहे. मुंबईत बाहेर आलो की घेतो."

पाकीट सुक्या आंब्याचं होतं. चकचकीत, पक्कं बंद.

मला एका क्षणात पेपरातल्या बातम्या आठवल्या. बँकॉकहून मुंबईला उतरलेले प्रवासी, खाऊच्या पाकिटांत मिळालेला हायड्रोपोनिक गांजा, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला, महागडा. मी म्हणालो, "उघडून दाखव." तो म्हणाला, "पॅक आहे की काका, गिफ्ट आहे बहिणीला." त्याचा चेहरा पडला. लबाडी पकडल्यावर पडतो तसा पडला, की अपमान झाल्यावर पडतो तसा, ते मला आजही सांगता येत नाही.

आई म्हणाली, "घे की रे. आपल्याकडचं पोरगं आहे."

"नाही जमणार," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो बहुतेक, कारण पुढचे दोघं वळून बघायला लागले. पोरगा "बरं, राहू द्या" म्हणाला आणि आईला परत नमस्कार करून रांगेत मागं गेला. हातात अर्धी भाकरी तशीच होती.

"दोन किलोचं ओझं जड झालं तुला," आई म्हणाली. ते शेवटचं. पासपोर्टवर शिक्के झाल्यावर आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, वासुकीला दोन्हीकडून ओढणारे देव आणि दानव. जाताना बघायचंच असं आईनं आठवडाभर घोकलं होतं. त्याच्याकडं पाठ करून ती बाकावर बसली. मित्रानं फोटो काढले. मला तहानही लागली नाही आणि झोपही आली नाही. सारखं मागं वळून तो पोरगा दिसतो का बघत होतो, आणि दिसला तर काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

मुंबईत कस्टमनं आमचीच बॅग बाजूला घेतली. उघडली. वर उरलेली शेंगाची चटणी, लालभडक, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेली. साहेबानं गाठ सोडून वास घेतला, शिंकला, आणि आईला मराठीत विचारलं, "आजी, सामान सगळं तुमचंच ना? तिकडून कुणी काही द्यायला सांगितलं का?"

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. "नाही," म्हणाली, "कुणी नाही."

तो पोरगा पट्ट्यापाशी दिसला नाही, बाहेरही दिसला नाही. कदाचित त्यानं जास्तीचे पैसे भरले असतील आणि बहिणीनं आंबा खाल्लाही असेल.

सोलापूरला आल्यावर वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, अमली पदार्थांचा 1985 चा कायदा आहे. गांजा एक किलोच्या आत असेल तर एक वर्षापर्यंत शिक्षा, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किलोच्या वर गेला की दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर कमीत कमी दहा वर्षं. "आणि मला माहीत नव्हतं म्हटलं तर?" तो हसला. बॅग तुझी, तर तुला माहीत होतं असंच कोर्ट धरून चालतं. माहीत नव्हतं हे तू सिद्ध करायचं, तेही तसूभर शंका न ठेवता. हे मी घरी येऊन आईला सांगितलं. ती गहू निवडत होती. "त्याला भूक लागली होती रे," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुण्याला निघालो तर शेजारच्या काकू चटणीचा डबा घेऊन आल्या, त्यांच्या लेकीसाठी. मी डबा हातात घेतला आणि माझ्याही नकळत झाकण उघडलं.

"काय बघालास रे?" काकू म्हणाल्या. "लसूण कमी वाटालाय का?"