अजून तिथेच

प्राजू काही वाईट बोलली नाही, हे आधी लिहून ठेवते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण हातावर ठेवता ठेवता तिने विचारलं, "तू अजून तिथेच का गं?" बस, एवढंच. तिथेच म्हणजे नौपाडा, तेच ऑफिस, तोच अंधारा जिना. बाकीचं तिने विचारलं नाही, म्हणून मीही इथे काढत नाही.

पण घोडबंदरच्या त्या अठ्ठाविसाव्या मजल्यावरून उतरताना कानात तेच. रात्री झोप येईना, म्हणून झाडांबद्दल वाचत बसले. बोर्निओत, साबाच्या डानम खोऱ्यात एक पिवळा मेरांती आहे, आपल्या साल वृक्षाच्या कुळातला. 2019 साली एकाने शेंड्यापर्यंत चढून, टेप खाली सोडून मोजला: 100 मीटरच्या वर! प्राजूच्या गॅलरीतूनसुद्धा मान वर करून बघावा लागेल. वाचून छाती दडपली आणि का कोण जाणे, रडूच आलं. लोक वाढतात, आपण नुसते असतो.

मग टाकाकिया सापडलं. तिबेटात 4000 मीटरच्या वर उगवणारं दुर्मीळ शेवाळ. सेंटिमीटरभर उंची, ना मुळं, ना पाणी वर चढवणाऱ्या नळ्या. वर्षातले आठेक महिने बर्फाखाली. साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात दिसतं, तसंच आजही. अख्खा हिमालय मागाहून उभा राहिला, हे आपलं अजून तिथेच. आणि 2023 साली त्याची जनुकं तपासली तर काय, झपाट्याने बदललेली जनुकं तपासलेल्या शेवाळांत सगळ्यात जास्त याचीच! बाहेरून ढिम्म, आत थंडी नि अतिनील किरणं सोसायच्या दुरुस्त्या अखंड चालू.

मला नको इतका आनंद झाला. प्राजूला पाठवायला टाइपही केलं, मग खोडलं. ही स्वतःला शेवाळ म्हणवून घेतेय, असं वाटायचं तिला. शिवाय कुणी स्वतःला शेवाळ म्हटलं की आमच्या सोसायटीला आधी ब्लीचिंग पावडरच आठवणार.

पुढे वाचलं तर हवा तापतेय तसं टाकाकियाही दरवर्षी कमी होतंय. घ्या! दिलासा शोधायला गेले, तर तोही अडचणीतला.

असो. मेरांतीला पानांतून वाफ सोडत पाणी शंभर मीटर वर ओढावं लागतं. प्राजूकडे त्यासाठी टँकर येतो. आमच्याकडे साडेसहाला नळाला येतं, आणि ते भरायला मलाच उठायचंय.