तारखेच्या चौकटीतले बाबा

गेल्या दिवाळीच्या आधी डोंबिवलीच्या घरी स्वयंपाकघर आवरायला घेतले, तेव्हा मसाल्याच्या बरण्यांखाली अंथरलेला एक जुना कागद हाती आला. तेलाच्या गोल डागांमधून त्यावरचा महिना अजून वाचता येत होता: डिसेंबर 1995. आमच्याकडे संपलेल्या वर्षाचे कालनिर्णय रद्दीत जात नसे. आई त्याची पाने फळ्यांवर अंथरी, आणि मीठ-मसाल्यांच्या भाराखाली ते वर्ष आणखी बराच काळ घरात राही. हे पान मात्र सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे कसे टिकले, हे आईलाही सांगता आले नाही.

पान पुसून खिडकीशी धरले, तर जवळजवळ प्रत्येक तारखेखाली बाबांचे निळे, उजवीकडे किंचित झुकलेले अक्षर होते. 1973 साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत तिथी, सण, संकष्टीचा चंद्रोदय असा एवढा मजकूर आधीच दाटीने छापलेला असतो की आणखी काही लिहायला जागा उरू नये. पण बाबांना ती प्रत्येक चौकटीत सापडे. एका तारखेला ‘दळण आणणे’, दुसरीला ‘विम्याचा हप्ता भरणे’, तिसरीला ‘दूध खाडा’. महिनाअखेरीला दूधवाल्याचा आणि आमचा हिशेब कधी जुळत नसे आणि प्रत्येक वेळी त्याला भिंतीपाशी आणून हे खाडे दाखवले जात. तो मान हलवून पुन्हा आपलाच आकडा सांगे. मग दोघे हसत आणि मधला एखादा आकडा ठरे.

गॅसच्या नोंदीत त्यांचा खरा जीव होता. सिलिंडर लावला त्या तारखेला एक वर्तुळ, संपला त्या तारखेला दुसरे, आणि बाजूला मधल्या दिवसांची संख्या. सिलिंडर 14.2 किलोचा, तो आमच्याकडे साधारण चौतीस-पस्तीस दिवस चाले, दिवाळीच्या महिन्यात सव्वीसवर येई. गावाहून पाहुणे येऊन गेले की आकडा खाली घसरे. पण त्याबद्दल बाबा कधी काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या सिलिंडरसाठी नंबर लावायची तारीख चार दिवस अलीकडे ओढत. नंबर लावल्यावर किती दिवस थांबावे लागेल याचा नेम नसण्याचा तो काळ होता, आणि आमच्या घरात गॅस मध्येच संपल्याने स्वयंपाक अडला, असे मला एकदाही आठवत नाही. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच घरी गॅस असा वेळेवर संपतो.

त्या पानावर 9 तारखेखाली लिहिले होते ‘डोस पाजणे’. देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, तो हा पहिला दिवस. शनिवार होता. बाबांनी धाकटीला सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून नेले होते आणि मीही मागे धावत गेले होते, कारण तिला काहीतरी गोड मिळणार असा माझा समज होता. दुसऱ्या डोसची 20 जानेवारी ही तारीखही त्यांनी तिथेच समासात लिहून ठेवली होती. नवे कालनिर्णय यायचे होते, म्हणून.

या नोंदी पुन्हा पुन्हा वाचताना एक गंमत लक्षात आली. भरणे, आणणे, पाजणे. क्रियापद आहे, कर्म आहे, पण कर्ता नाही. शाळेत असे वाक्य लिहिले असते तर बाईंनी लाल शाईने खूण केली असती. ज्याला सारे नातेवाईक घरातला कर्ता पुरुष म्हणत, त्याने आपल्याच वाक्यांतून स्वतःला वगळले होते. यात फार थोरपणा शोधू नये; कदाचित चौकटच लहान होती.

त्याच पानावर 13 ते 16 या चार तारखांच्या कोपऱ्यात एकेक बारीक फुली होती, आणि तिच्यापुढे मात्र एकही शब्द नव्हता. आईला विचारले तेव्हा ती आधी हसली. आजी आमच्याकडे असेपर्यंत घरात ते चार दिवस पाळले जात आणि आई बाजूला बसे. त्या दिवसांत बाबा पहाटे उठून पिठले-भात करत, आम्हा दोघींचे डबे भरत आणि मग नेहमीची लोकल गाठायला धावत. आम्हाला मुलींना ते दिवस फार आवडत, कारण बाबांच्या पिठल्यात लसूण भरपूर असे आणि पोळीऐवजी डब्यात धिरडे येई. आई का बसते, हे कोणी सांगत नसे. पुढच्या महिन्याच्या फुल्या ते अंदाजाने आधीच घालून ठेवत आणि गावी जायचे बेत त्या बघून ठरवत. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू होईपर्यंत संगमेश्वरला जाणे म्हणजे रात्रभर एसटीत अंग आंबवून घेणे असे. तो प्रवास आईला त्या दिवसांत करावा लागू नये, एवढाच त्यांचा हिशेब होता.

बाबांना मी सुधारक ठरवणार नाही. आजीपुढे त्यांनी तोंड उघडले नाही, आणि आई कोपऱ्यात बसे ती बसतच राहिली. त्याचा राग मला अजून येतो. पण आजी गेल्यावर पाळणे थांबले, तरी त्या चार दिवसांचा स्वयंपाक बाबांकडेच राहिला. आईने एकदा म्हटले, ‘आता कशाला करता?’ तर म्हणाले, ‘हात बसलाय.’ पुढे मी तेरा वर्षांची झाल्यावर फुलीच्या जोडीला एक टिंबही दिसू लागले, आणि औषधांच्या दुकानातून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून आणलेला पुडा माझ्या कपाटात पुस्तकांमागे आपोआप येऊन बसू लागला. मी कित्येक वर्षे समजत होते की तो आई ठेवते. बाबा एखादा शब्द बोलले असते तर मला बरे वाटले असते, असे आता वाटते. पण तेव्हा त्यांनी तो उच्चारला असता, तर लाजेने मीच आठवडाभर त्यांच्यासमोर आले नसते.

बाबा आता पंचाहत्तरीला आले आहेत. या जानेवारीत नवे कालनिर्णय भिंतीवर लागले, तेव्हा जुन्यातल्या तारखा नव्यात उतरवायला ते नेहमीप्रमाणे बसले, आणि दोन-तीन नोंदींनंतर पेन माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘हात थरथरतो गं, मी सांगतो, तू लिही.’ मग त्यांनी सांगितले, मी लिहिले: वीजबिल, मालमत्ता कर, धाकटीच्या मुलाची मुंज. मध्येच न सांगता मी एका मंगळवारी लिहून टाकले, ‘बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणे’. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते अगदी जवळून वाचले. ‘अगं, केवढे लांब हे, खालची तिथी झाकली की,’ असे म्हणत पेन मागून घेतले, माझी ओळ खोडली आणि उरलेल्या जागेत, वाकड्यातिकड्या पण त्याच झुकलेल्या अक्षरांत लिहिले: ‘डोळे तपासणे’.