ब्रिस्बेन ते लाँगरीच: शनिवारची गाडी, डावीकडची खिडकी

ऑस्ट्रेलियातली 'स्पिरिट ऑफ द आउटबॅक' ही गाडी ब्रिस्बेनच्या रोमा स्ट्रीट स्टेशनहून सुटते आणि 1,325 किलोमीटर जाऊन लाँगरीचला थांबते. आठवड्यातून दोनदाच, प्रवास साधारण 25 तासांचा. रॉकहॅम्प्टनपर्यंत ती किनाऱ्याला धरून उत्तरेला जाते आणि तिथून पश्चिमेला वळते.

'किनाऱ्याने' या शब्दावर मात्र विसंबू नका. रूळ समुद्रापासून बरेच आत आहेत, समुद्र जवळजवळ दिसतच नाही, आणि रॉकहॅम्प्टन रात्रीच येऊन जातं. बघण्यासारखं खरं आहे ते दुसऱ्या दिवशी, एमराल्ड गावाच्या पुढे. म्हणून तिकीट काढताना उजेडाचा हिशोब करा. मंगळवारची गाडी संध्याकाळी सुटते, शनिवारची दुपारी. शनिवारच्या गाडीने ग्लास हाउस माउंटन्स, म्हणजे जुन्या ज्वालामुखींचे उघडे पडलेले सुळके, दिवसाउजेडी दिसतात आणि लाँगरीचलाही अंधाराआधी पोहोचता येतं. वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी नवीन वेळा बघून घ्या.

जाताना खिडकी डावीकडची मागा. उत्तरेला जाताना ग्लास हाउसचे सुळके डावीकडे येतात. रॉकहॅम्प्टननंतर गाडी जवळपास मकरवृत्तालाच धरून पश्चिमेला जाते, म्हणजे उजवी बाजू उत्तरेची. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, तिथे जून-जुलैत ते उत्तरेकडून येतं. उजवीकडे बसलात तर दिवसभर पडदा ओढून बसावं लागेल. हवी ती बाजू नाही मिळाली तर लाउंजच्या डब्यात जाऊन बसा.

गाडी हळू का, असं पहिल्यांदा जाणारे हमखास विचारतात. क्वीन्सलँड राज्याने 1865 मध्ये सुरू झालेल्या आपल्या पहिल्या मार्गासाठी 1,067 मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, निवडला, कारण डोंगरातून अरुंद रूळ तीव्र वळणं घेऊन स्वस्तात टाकता येत होते. अशा वळणांवर वेग धरता येत नाही. आपला ब्रॉडगेज 1,676 चा. तीच वळणं बोगनटंगन गावानंतर ड्रमंड रेंज ही डोंगररांग चढताना दिसतात. गाडी इतकी वळते की मागच्या डब्यातून पुढचं इंजिन बाजूला दिसतं. फोटो काढायचे ते इथेच.

पण पूर्वेला आणि पश्चिमेला जाणारं पावसाचं पाणी वेगळं करणारा डोंगर हा नव्हे. ड्रमंड उतरून अल्फाला आलात तरी तिथलं पाणी बेलियांडो आणि बर्डेकिन नद्यांतून परत पूर्वेच्या समुद्रालाच जातं. खरी ग्रेट डिव्हायडिंग रेंज अल्फा आणि जेरिको यांच्या मधे आहे, आणि ती इतकी सपाट की चढ जाणवतसुद्धा नाही. जेरिकोपासून पुढचा पाऊस समुद्राकडे जातच नाही. तो कूपर क्रीकच्या वाटेने खंडाच्या पोटातल्या लेक एअर या खाऱ्या तळ्याकडे निघतो आणि बहुतेक वर्षी तिथे पोहोचायच्या आधीच जिरतो. नकाशा उघडून हा टप्पा बघा. माझ्या मते अख्ख्या प्रवासातली सगळ्यात मोलाची जागा हीच, आणि नेमकी हीच लक्ष न जाता निघून जाते.

बार्काल्डिनला फलाटावरूनच 'ट्री ऑफ नॉलेज'चं स्मारक दिसतं. 1891 च्या मेंढ्या कातरणाऱ्यांच्या संपाशी जोडलेलं हे झाड 2006 मध्ये कुणीतरी विष घालून मारलं. आता त्याच्या खोडावर लाकडाच्या लांब पट्ट्या टांगून झाडाचा आकार उभा केला आहे.

आई-वडील भारतातून आले असतील तर त्यांच्यासाठी स्लीपरच घ्या. बसायची खुर्ची मागे झुकते, पण रात्रभर पाय लांब करता येत नाहीत. स्लीपरवाल्यांनाही शॉवर आणि संडास डब्याच्या टोकाला, सगळ्यांत मिळून. शाकाहारी जेवण हवं हे बुकिंगच्या वेळीच सांगा. वाटेत चहा-वडा विकायला कोणी येत नाही, तेव्हा दशम्या, चटणी, दोन-दोन लिटर पाणी आणि एसीसाठी शाल जवळच्या पिशवीत असू द्या. मोठी बॅग रात्री उघडता येणार नाही. एमराल्डनंतर गावागावांच्या मधे फोनला रेंज नसते.

जायचं ते मे ते ऑगस्टमध्ये. दिवस कोरडा, रात्र मात्र गार, स्वेटर लागतोच. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा सहज 37 च्या वर जातो. रूळ तापून वाकू नयेत म्हणून गाडीचा वेग कमी करतात आणि तासांचा उशीर होतो. त्याच महिन्यांत पूर आला की रूळाखालची खडी वाहून जाते आणि गाडी रद्द होते किंवा काही टप्पा बसने न्यावा लागतो. म्हणून लाँगरीचहून परतीचं विमान पोहोचण्याच्याच दिवशीचं कधीही घेऊ नका. मधे निदान दोन रात्री ठेवा. एक दिवस क्वांटास या विमान कंपनीच्या फाउंडर्स म्युझियमला, तिथलं 747 विमान आतून बघता येतं. दुसरा स्टॉकमन्स हॉल ऑफ फेमला, म्हणजे तिथल्या गुराख्यांच्या संग्रहालयाला. तिसरा दिवस मिळाला तर साधारण 180 किलोमीटरवरच्या विंटनला जा, तिथे डायनोसॉरची हाडं दगडातून सोडवतात ती प्रयोगशाळा बघायला मिळते.