तुम्ही विचारलंत म्हणून: बेडनारिक काँक्रीट का विकायचा?

मी फिलाडेल्फियात राहतो आणि अमेरिकन फुटबॉलवर, त्यातही जुन्या, बोलायला लागलो की आवरत नाही, हे इथल्या मराठी मंडळींना पाठ झालंय. त्यात ईगल्स या इथल्या संघाच्या चक बेडनारिकचं नाव निघालं की कोणीतरी हमखास विचारतं: एवढा नावाजलेला खेळाडू, मग हंगाम संपला की काँक्रीट का विकत फिरायचा?

पगारात भागत नव्हतं म्हणून. आपल्याकडे जुन्या क्रिकेटपटूंना बँका आणि कंपन्या नोकऱ्या देत, पण त्या खेळण्यासाठीच. मस्टरवर सही केली की नेटवर जायला मोकळे. बेडनारिकची नोकरी खरीखुरी होती. बांधकामवाल्यांना गाठायचं, ऑर्डर आणायची. ‘काँक्रीट चार्ली’ हे टोपणनाव त्यावरूनच पडलं. लोकांना मात्र वाटतं, अंगावर आदळायचा म्हणून.

जन्म 1925चा, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमचा. आईवडील स्लोव्हाकियातून आलेले, वडील पोलादाच्या कारखान्यात. कॉलेजच्या आधी युद्ध आलं. बी-24 विमानाच्या बाजूच्या खिडकीत मशीनगन घेऊन त्याने जर्मनीवर 30 मोहिमा केल्या आणि जिवंत परतला. मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, आणि 1949च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ईगल्सने त्याला सगळ्यात पहिला उचलला. पण ज्या संघाने उचललं त्याच्याशीच बोलणी करायची, असा तेव्हाचा कारभार. एजंट नाही, दुसरीकडे जायची सोय नाही. मालक म्हणेल तो आकडा.

1959च्या हंगामात त्याचा निरोप समारंभही झाला होता. मग पाचवी मुलगी झाली आणि गडी परतला. वय 35. आक्रमणात सेंटर, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू करणारा, म्हणून खेळायचं एवढंच ठरलं होतं, पण संघातला बॉब पेलेग्रिनी जायबंदी झाला आणि बचावात लाइनबॅकरची, म्हणजे पुढच्या फळीमागे उभं राहून चेंडूवाल्याला पाडणाऱ्याची, जागाही यालाच सांभाळावी लागली. अशी आक्रमणात आणि बचावात, दोन्ही बाजूंनी खेळायची पद्धत तोवर जवळजवळ मोडीत निघाली होती.

त्या 1960च्या हंगामाची अंतिम लढत 26 डिसेंबरला, सोमवारी, फ्रँकलिन फील्डवर झाली. दिवे नव्हते म्हणून भर दुपारी बाराला सुरुवात. त्याच्याच विद्यापीठाचं हे मैदान. साठपैकी जवळजवळ 58 मिनिटं तो आत होता. ईगल्स 17, ग्रीन बे 13, शेवटची काही सेकंदं. ग्रीन बेचा जिम टेलर चेंडू घेऊन गोलरेषेपासून दहा यार्डांच्या आत आला; ती ओलांडली असती तर सामना गेला असता. बेडनारिकने त्याला कवेत घेऊन आडवा केला आणि घड्याळ संपेपर्यंत अंगावरून उठलाच नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, ग्रीन बेचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी हरले ते फक्त त्या दिवशी.

म्हातारपणीही तो आजच्या खेळाडूंवर चरफडायचा: एकाच बाजूने खेळतात आणि रग्गड पैसे घेतात! त्याची निम्मी तक्रार मला पटते, पैशाची. 1961च्या कायद्याने एनएफएल या लीगला सगळ्या संघांच्या वतीने टीव्हीचे हक्क एकगठ्ठा विकायची मुभा दिली, आणि 1962च्या हंगामापासून सीबीएस ही टीव्ही कंपनी वर्षाला 46.5 लाख डॉलर देऊ लागलं. नेमका तोच बेडनारिकचा शेवटचा हंगाम! चौदा हंगामांत अवघे तीन सामने चुकवलेल्या माणसाच्या हाती त्यातलं काय लागलं असेल?

उरलेली निम्मी, एकाच बाजूने खेळण्याची, मला पटत नाही. त्याच्या उतारवयातले हाताचे फोटो बघा. बोटं जागोजागी वळलेली, उजवी करंगळी मधल्या पेरापासून बाहेर काटकोनात गेलेली. आणि न्यूयॉर्क जायंट्सचा फ्रँक गिफर्ड? नोव्हेंबर 1960मध्ये यांकी स्टेडियमवर बेडनारिकच्या धडकेने तो बेशुद्ध पडला आणि 1962पर्यंत मैदानावर उतरला नाही. धडक नियमात बसणारी होती, हे गिफर्डही मानत असे. दोघेही 2015 साली गेले. बेडनारिकच्या थोरल्या मुलीने वडिलांच्या आजारपणाचं खापर फुटबॉलवर फोडलं. गिफर्डच्या मेंदूत डोक्याला वारंवार बसलेल्या माराने होणारा सीटीई हा आजार सापडल्याचं त्याच्या घरच्यांनीच जाहीर केलं. साठ-साठ मिनिटं दोन्ही बाजूंनी खेळणं बंद झालं, ते बरंच झालं.