शेवेच्या पाकिटातला करंट

जानेवारीतली गोष्ट. सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यातून सकाळी साडेसातला फोन आला. मालक आमच्या रामबागेतलेच, मी त्यांना काका म्हणतो. "अरे, पॅकिंगचं मशीन करंट मारतंय. बायका हात लावायला तयार नाहीत. लवकर ये."

पोहे अर्धे टाकून निघालो. हे दुःख इंदूरकरालाच कळेल.

फ्रेमला टेस्टर लावला, पेटला नाही. मोटर, हीटर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, तपासले, ठीक. अर्थिंगचं रीडिंग दीड ओहमच्या आत, म्हणजे तेही उत्तम. काकांनी मीठ-कोळसा घालून दुसरा खड्डाही करून घेतला होता. आणि तेवढ्यात माझ्यासमोरच एका मावशींनी फ्रेमला बोट लावलं. चट्! त्यांनी हात झटकला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीटर पिशवीत टाकून पळावंसं वाटलं.

"वर पाकिटंही परत येताहेत," काका म्हणाले. दुकानदार म्हणतात, शेव सादळते. एक पाकीट उजेडात धरलं. शेवेचा भुगा आतून पार वरपर्यंत चिकटलेला, सीलच्या पट्टीतही अडकलेला. हवा शिरणारच. पण ही तक्रार वेगळी, म्हणून मी ती सोडून दिली.

मग मावशीच म्हणाल्या, "पावसाळ्यात असं नव्हतं हो भाऊ. आताही फरशी ओली पुसली की तासभर बरं असतं."

मी पाकिटांच्या प्लॅस्टिक फिल्मच्या रोलजवळ हात नेला. मनगटावरचे केस ताठ उभे! दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं.

फिल्म रुळांवरून घासत जाते, तिच्यावर स्थिर विद्युतभार साठतो. फ्रेमला शंभर अर्थिंग द्या, प्लॅस्टिक विद्युतरोधक; त्यावरचा भार जागचा हलत नाही, भुगा मात्र ओढून घेतो. दमट हवेत पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि भार त्यातून झिरपून जातो. कोरड्या थंडीत ती वाट बंद. फिल्म हाताळून मावशींच्या अंगावरही भार चढत होता. असा झटका जाणवतो म्हणजे अंगावर 3,000 व्होल्टच्या आसपास तरी असणार, पण तो क्षणाच्याही अंशात संपतो, म्हणून जिवाला धोका नाही. तो भार पायांवाटे जमिनीत का उतरत नव्हता? खाली रबरी मॅट. ते मागच्या वर्षी मीच आणायला लावलं होतं, पॅनेलसमोर टाकायला. उरलेला तुकडा काकांनी काळजीपोटी इथे अंथरला होता.

मॅट उचललं. फ्लेक्झिबल वायरचे तांब्याचे तंतू पिंजून एका पट्टीवर झालरीसारखे बांधले, पट्टी अर्थ केली आणि फिल्मपासून बोटभर अंतरावर बसवली. अणकुचीदार टोकांपाशी हवेचं आयनीभवन होतं, म्हणजे हवेत विद्युतभारित कण (आयन) तयार होतात, आणि ते आयन फिल्मवरचा भार मारतात. भुगा चिकटणं बरंच कमी झालं, पूर्ण नाही. हाय व्होल्टेजवर चालणारी तयार पट्टी मागवा, असं काकांना सांगितलं.

बिलावर काय लिहू, असं विचारलं. काका म्हणाले, "अर्थिंग दुरुस्ती लिही. आमच्या मुनीमजींना दुसरं काही पटणार नाही."