गरम झऱ्यावर छोटा वीजसंच: माझा अनुभव, आणि तो पाण्याचा अहवाल

टर्बाइन, जनित्र, जोडणी यात फारसं काही अडलं नाही. अडलं ते पाण्याच्या तपासणी अहवालावर, म्हणून तेच आधी सांगतो.

झऱ्याच्या पाण्याची उष्णता प्लेट एक्स्चेंजरमधून (पातळ धातूच्या प्लेटांमधून एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाला द्यायची, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं. एक्स्चेंजरवाला पहिला प्रश्न विचारतो: पाणी किती अंशांपर्यंत निववू? उत्तर पाण्यात विरघळलेल्या सिलिका (वाळूतलं द्रव्य) आणि कॅल्शियमवर ठरतं, कारण यांचाच थर प्लेटांवर बसतो. आमच्या अहवालात दोन्ही कमी आणि पीएच चढलेला. तिन्ही आकडे निरुपयोगी!

बाटलीतलं पाणी निवताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वाढतो, कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं आणि प्रयोगशाळा वरचं पाणी तपासते. सिलिका १०० अंशांना लिटरमागे सुमारे ३६० मिलिग्रॅम विरघळते, २५ अंशांना जेमतेम १२०. उरलेल्या सिलिकाचे कण एकमेकांना चिकटतात आणि रंगावरून मोजणाऱ्या चाचणीला दिसत नाहीत. प्रयोगशाळेला विचारलं तर उत्तर, "आलेला नमुना आम्ही तपासतो." मग नमुना कसा घ्यायचा, हे अर्जावर एका ओळीत छापायला काय हरकत होती?

तर पीएच आणि बायकार्बोनेट झऱ्यावरच मोजा. कॅल्शियमचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा. क्लोराइड-सल्फेटची बाटली नुसती गाळलेली, आम्लाविना. सिलिकासाठी नऊ भाग डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी बाटलीत भरूनच न्या, त्यात एक भाग गाळलेलं गरम पाणी ओता. बाटलीवर 'दहापट पातळ' असं ठळक लिहा, नाहीतर अहवालात पुन्हा एक दशांशच आकडा येईल.

प्रवाहाचं राहिलंच. काटकोनी व्ही-नॉच लावा, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेली आडवी फळी, जिच्यावरून पाणी सांडतं. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर भरली, तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर. उंची खाचेत मोजू नका, तिथे पाणी झुकतं. फळीपासून उंचीच्या चौपट अंतर मागे, प्रवाह येतो त्या बाजूला मोजा.

वीज किती? सेकंदाला १० लिटर पाणी ९० वरून ६५ अंशांवर आणलं, तर १,०४५ किलोवॅट उष्णता मिळते. तिच्या सात-आठ टक्के वीज धरा, त्यातूनही पंप-पंखे आपला वाटा घेतात. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर संच चालतो, पण तिथे थंड करायला बर्फासारखं पाणी हाताशी आहे.

प्रवाह आवरायची झडप एक्स्चेंजरच्या पुढे, बाहेरच्या बाजूला बसवा. आधी बसवली तर दाब तिथेच पडतो, वायू सुटतो आणि चुना थेट प्लेटांवर जमतो. तो सल्फॅमिक आम्लाने निघतो; सिलिकाचा थर त्याने निघत नाही.