५२ हर्ट्झचं हमिंग

डीव्हीडीच्या भरात मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत क्यूसीचं, म्हणजे डिस्कचा दर्जा तपासण्याचं, काम करत होते. डिस्क छापायला जाण्याआधी आमच्याकडून पास व्हावी लागे. एकदा साठच्या दशकातला एक कृष्णधवल संगीतप्रधान मराठी चित्रपट आला आणि चित्र बघून मी खूश झाले. जुन्या चित्रपटांची साफसफाई बहुतेकदा अती होते. फिल्मचा ग्रेन, म्हणजे तिचा बारीक दाणा, पुसताना चेहऱ्यावरच्या रेषाही जातात आणि माणसं मेणाची दिसू लागतात. इथे ग्रेन शाबूत होता. नऊवारीच्या काठाची नक्षी स्पष्ट होती, धुपाच्या धुरात कॉम्प्रेशनचे, म्हणजे डिस्कवर मावण्यासाठी चित्र दाबून बसवताना उमटणारे, चौकोन नव्हते.

खटकलं ते देवळातलं गाणं. गाणाऱ्या बाईंचा आवाज नको तितका कोवळा वाटला. पेटी काढून सूर लावून पाहिला, तर तो काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी. पण तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. त्या काळच्या पेट्या सगळ्या एकाच मापाने लावलेल्या नसत, रेकॉर्डिंगच्या यंत्रांचा वेगही थोडाफार हलायचा.

मग एकूण वेळ पाहिली: १ तास ५५ मिनिटं. सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी होती ३,३०० मीटर. ३५ एमएम फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते, म्हणजे चित्रपट दोन तासांचा हवा. जवळजवळ पाच मिनिटं गायब!

निर्मात्यांचे नातू ठामपणे म्हणाले, "मॅडम, आजोबांच्या चित्रपटातली एक फ्रेमही आम्ही कापलेली नाही."

ते खरंच बोलत होते. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपके येतात. ते सगळे जागच्या जागी होते, कुठे उडी नव्हती. प्रत्येक रीळ मात्र सारख्याच प्रमाणात आखूड भरत होतं. शेवटी संवादांमधली एक शांत जागा शोधून तिथला आवाज स्पेक्ट्रमवर, म्हणजे आवाजात कोणकोणत्या कंपनसंख्या आहेत ते दाखवणाऱ्या आलेखावर, टाकला. आपल्याकडच्या विजेचं हमिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणात उतरणारी तिची बारीक घरघर, ५० हर्ट्झवर दिसायला हवं. रेघ उभी होती ५२ वर. पन्नासला २५ ने गुणून २४ ने भागलं की ५२.०८ येतात.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो, पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीचा, व्हिडिओ २५. सोपा मार्ग म्हणजे फिल्मच किंचित पळवायची. प्रत्येक फ्रेमला स्वतःची जागा मिळते आणि चित्र स्वच्छ येतं; मला आवडलं ते याचमुळे. किंमत आवाज मोजतो. तो चार टक्के जलद होतो आणि पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे ७० टक्के वर चढतो. युरोपात असंख्य डिस्क अशाच निघाल्या. नुसत्या संवादांच्या चित्रपटात ते फारसं कुणाला कळतही नाही, पण गाण्यांच्या चित्रपटाला मी पास म्हणणार नव्हते.

वेळ तीच ठेवून सॉफ्टवेअरने फक्त सूर उतरवून पाहिला. तबल्याचे बोल फिसकटले, तंबोरा थरथरायला लागला. दुसरा मार्ग एनटीएससीचा, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीचा. त्यात २४ फ्रेमचा वेग जपता येतो, चित्रं पुन्हा दाखवून उरलेली भर प्लेअर घालतो, आणि आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवायचे. आवाजही वेग आणि सूर मिळून एकत्र खाली येतो, म्हणून बिघडत नाही. मात्र चित्राच्या ५७६ रेषांच्या ४८० होतात आणि कॅमेरा आडवा फिरताना हलकासा झटका जाणवतो.

चित्र बघणारा सहकारी वैतागला. "इतकं सुंदर ट्रान्सफर आणि तू रेषा घालवतेस?" त्याचं दुःख मला समजत होतं, मलाही ते चित्र सोडवत नव्हतं. पण रेषा कमी झाल्या तरी चित्रपट तोच राहतो. पट्टी बदलली की बाई जे गायल्या तेच राहत नाही, आणि या चित्रपटात त्या भरपूर गायल्या आहेत. मी रिपोर्टमध्ये एनटीएससी लिहिलं. नातवाने दोन्ही डिस्कवरचं देवळातलं गाणं लागोपाठ ऐकलं आणि लगेच सही केली.

नवी डिस्क दोन तासांची भरली. गाणं काळी एकला लागलं, हमिंग ५० वर आलं. पालची मास्टर टेप आम्ही पुसू दिली नाही. तिच्या डब्यावर मी चिठ्ठी चिकटवली: "प्रत्येक फ्रेम सुटी आणि पूर्ण आहे. २४ च्या वेगाने चालणारी डिस्क काढायची वेळ आली की हीच टेप घ्या, आणि आवाज २४/२५ ने संथ करा."